ऐंशीपैकी पंचेचाळीस

विष्णूपंत पोंक्षे हे जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममधले एकमेव मराठी गृहस्थ, ज्यांचा खेळ नोव्हेंबरात सुरू होतो आणि खेळाडू मैदानात उतरले की संपतो.

नवख्या माणसाला हे सांगितलं की तो आधी खिडकीबाहेर बघतो. नोव्हेंबरात इथे दुपारच्या चहाबरोबरच अंधार पडतो. मैदानांचा चिखल झालेला असतो आणि घराबाहेर करण्यासारखा एकच खेळ उरतो, तो म्हणजे फुटपाथवरची पानं गोळा करणं. त्यातही शेजारचे आजोबा पंच म्हणून उभे असतात.

विष्णूपंतांचा खेळ बेसबॉल. आणि तो ते बघत नाहीत. अमेरिकेतले सामने इथे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतात आणि विष्णूपंत दहाला झोपतात. टीमवर प्रेम असलं म्हणून माणसानं झोप खराब करून घ्यावी असं त्यांना वाटत नाही. कंपनीनं पूर्वी त्यांना दोन वर्षं ओहायोतल्या एका आडगावी धाडलं होतं. तिथून त्यांनी दोन वस्तू आणल्या: इथल्या विजेवर न चालणारा मिक्सर आणि ही टीम. मिक्सर वासंतीवहिनींनी माळ्यावर टाकला. टीम माळ्यावर टाकता येत नाही. तिचं नाव मी सांगत नाही, कारण ती वर्षानुवर्षं हरते आहे आणि गेलेल्या माणसाबद्दल आणि हरणाऱ्या टीमबद्दल वाईट बोलू नये असं मला वाटतं.

पण विष्णूपंतांना मोठ्या टीमच्या हरण्याचं सुखदुःख नाहीच. त्यांचा जीव तिच्या पोरांत. अमेरिकेत म्हणे मोठ्या टीमच्या पोटात लहान लहान टीमा असतात, एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. सतराअठरा वर्षांची होतकरू पोरं सगळ्यात खालच्या पायरीवर घ्यायची आणि तयार होतील तशी वर चढवायची. शंभरातली चारदोन वर पोचतात, बाकीची पुढे गावी जाऊन विमा विकतात. हिवाळ्यात बडे खेळाडू मासे धरायला जातात, तेव्हा ही पोरं उन्हाच्या देशांत, डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला असल्या ठिकाणी, हिवाळी सामने खेळतात. आणि जगभरचे विष्णूपंत आपापल्या घरी हीटरला पाठ लावून इंटरनेटवर त्यांचे आकडे चाळतात, 'यंदाचे पहिले दहा होतकरू' अशा याद्या करतात आणि अनोळखी माणसांशी भांडतात.

स्वभावच तसा. आमच्या कारखान्यात ते मोटारीच्या दारांचे इंजिनियर. सबंध दार नव्हे, दाराभोवतीची रबरी पट्टी. मी दिव्यांकडे असतो, त्यामुळे कॅन्टीनमध्ये आम्ही एका टेबलावर. आज रस्त्यावर धावणारी गाडी विष्णूपंतांच्या लेखी शिळी. चार वर्षांनी येणार ती खरी. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक भरला, अख्खा देश येडा झाला, गाडीगाडीच्या खिडकीला झेंडे लागले. विष्णूपंतांनी त्यावर एवढंच मत दिलं, की झेंड्याची ती प्लॅस्टिकची काडी काचेत अडकवल्यानं पट्टी कायमची दबते.

त्या वर्षीचा त्यांचा लाडका होतकरू म्हणजे यूलिसेस पेन्या. डोमिनिकन, वय एकोणीस, डावखुरा, चेंडू टाकणारा. विष्णूपंतांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पण घरात त्याचं नाव सख्ख्या पुतण्यासारखं निघे.

"यूलिसेसच्या कोपराचा एमआरआय नॉर्मल आला," ते एकदा पोहे खाताना म्हणाले.

"माझा गुडघा दिवाळीपासून दुखतोय," वासंतीवहिनी म्हणाल्या. "त्याची बातमी कुठल्या साइटवर टाकू, म्हणजे तुम्ही वाचाल?"

आता त्या पट्टीबद्दल सांगायला हवं. रबरी नव्हे, मोजायची. बेसबॉलचे पारखी प्रत्येक पोराला वीस ते ऐंशी या पट्टीवर गुण देतात. पन्नास म्हणजे मोठ्या टीमांतला सर्वसाधारण खेळाडू, म्हणजे आपल्या हिशेबानं जगातल्या निवडकांतला एक. सत्तर क्वचित. शिवाय प्रत्येक गुणाला आकडे दोन: आजचा आणि पुढे होईल तो. वीसपासूनच का, असं मी विचारलं होतं. "ती परंपरा आहे," विष्णूपंत म्हणाले. परंपरा म्हटल्यावर मी गप्प बसलो. आणि या पट्टीचा धर्म असा, की फुगवून गुण द्यायचे नाहीत. आपलं पोर आहे, गरीब आहे, आईला बरं वाटेल, काही नाही. जे दिसेल ते.

ही पट्टी त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की अळूवडीसुद्धा सुटत नसे.

"आज पंचावन्न, पुढे पासष्ट."

"पुढे म्हणजे कधी हो? वीस वर्षं करतेय मी!"

तर अशा या घरात इरा नावाची एक होतकरू मुलगी राहत होती. वय दहा, इयत्ता चौथी. मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं, आणि तेही जेमतेम. "इरा, शाळेत काय झालं?" "निक्स." म्हणजे काही नाही. चार वर्षं रोज त्या शाळेत काहीच होत नव्हतं.

आणि जर्मनीत चौथी म्हणजे काय, हे ज्याचं पोर चौथीत आहे त्यालाच कळतं. आपल्याकडे दहावीला, बारावीला माणसाचं भवितव्य ठरतं, तोवर त्याला निदान मिशा फुटलेल्या असतात. इथे दहाव्या वर्षी, दुधाचे दात अजून पडायचे असताना, वर्गशिक्षिका शिफारस लिहिते. हुशार ते गिम्नाझियमला, तिथून विद्यापीठाला. बाकीचे दुसऱ्या शाळांना. आमच्या हेस्सेन राज्यात एक मधला प्रकारही आहे, फ्योर्डरश्टुफे: पाचवी-सहावी अशी दोन वर्षं मूल ठेवून बघायचं आणि मग ठरवायचं. जर्मन आईबापांना तो समंजस मार्ग वाटतो. मराठी आईबापांना 'ठेवून बघायचं' हे ऐकूनच ताप चढतो.

त्यात दिवाळीच्या कार्यक्रमात डार्मश्टाटच्या हृषिकेशनं वहिनींना गाठलं. हृषिकेश उपग्रहांवर नजर ठेवायच्या कामावर. आकाशातला उपग्रह जरा बाजूला सरकला तर तो शांत असतो. मुलगा वेद गणितात एका गुणानं सरकला की याचा ताबा सुटतो.

"आमचा वेद गिम्नाझियमला गेल्यातच जमा आहे," चकली मोडत तो म्हणाला. "मी पहिलीपासून टीचरला सांगत आलोय, ही इज एक्सेप्शनल. सांगावं लागतं, वहिनी. जर्मन लोकांना आपणहून काही दिसत नाही. इराचं काय?"

"बघू," वहिनी म्हणाल्या. त्या 'बघू'नंतर त्यांचा गुडघा जास्त दुखायला लागला.

नोव्हेंबरच्या शेवटी वर्गशिक्षिकेनं, फ्राउ लिंडनरनं, आईवडिलांना बोलावलं. जायच्या आधी वहिनींनी नवऱ्याला दारातच थांबवलं.

"तुम्ही बोलायचं नाही. मान हलवायची. फार तर 'गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणायचं."

"आणि काही विचारलं तर?"

"तर मी बोलेन."

चौथीच्या वर्गात चौथीच्याच खुर्च्या. विष्णूपंत गुडघे कानाशी घेऊन बसले. फ्राउ लिंडनर पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा, आवाज मऊ. त्या म्हणाल्या, इरा शांत मुलगी आहे. गणित छान. लेखन बरं. पण हात वर करत नाही. वर्गात एक शब्द बोलत नाही. "तर मी कुंपणावर बसले आहे. गिम्नाझियमही लिहू शकते, फ्योर्डरश्टुफेही. तिच्या मनात काय चालतं ते मला कळत नाही." मग त्या विष्णूपंतांकडे वळल्या. "हेर पोंक्षे, तुमचं स्वतःचं मूल्यमापन काय?"

वहिनींनी तोंड उघडलं होतं, पण उशीर झाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणा जबाबदार व्यक्तीनं विष्णूपंतांना एका होतकरूचं मूल्यमापन विचारलं होतं. इतक्या वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. मान आपोआप ताठ झाली.

"गणित, आज पंचावन्न, पुढे पासष्ट. लेखी जर्मन, आज पंचेचाळीस, पुढे पंचावन्न. आत्मविश्वास, चाळीस."

"शंभरपैकी?"

"नाही नाही, ऐंशी शेवटचे. पन्नास म्हणजे सरासरी."

फ्राउ लिंडनरनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे जर्मनमध्ये ती सरासरीच्या खाली आहे असं तुम्हाला वाटतं."

"आज! पुढे पंचावन्न."

"पुढचं लिहायला माझ्या कागदावर जागा नाही, हेर पोंक्षे. मला आजचंच लिहावं लागतं." त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि भारावून त्यांच्याकडे पाहिलं. "तीस वर्षं मी शिकवते. या खुर्चीवर बसून स्वतःच्या मुलाबद्दल इतकं प्रामाणिक बोलणारे पालक मला पहिल्यांदा भेटले. मी कुंपणावर होते, तुम्ही मला मदत केलीत. फ्योर्डरश्टुफेच बरी, असं आता मलाही वाटतं. अर्धवार्षिक निकालाच्या वेळी पक्कं करू."

"गेनाऊ," विष्णूपंतांच्या तोंडून गेलं. आज्ञा होती ना.

घरी आल्यावर दार लागताच वहिनी शेजारच्या आजोबांनाही मराठी कळावं अशा आवाजात बोलल्या.

"पंचेचाळीस? आमच्या घराण्यात पंचेचाळीस कुणाला पडलेले नाहीत! लोक आपल्या दगडाला हिरा म्हणून विकतात, आणि तुम्ही?"

"अगं, पंचेचाळीस वाईट नाहीत. त्या पट्टीवर..."

"चुलीत घाला ती पट्टी! तुमचा तो यूलिसेस, त्याला किती दिलेत?"

विष्णूपंत खरं बोलले. खोटं बोलायचं तर तेव्हा बोलायला हवं होतं. "साठ."

आतल्या खोलीचं दार थोडं उघडलं. इरा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पापा," ती म्हणाली, "फ्युनफउंडफियर्त्सिश?" पंचेचाळीस?

"आजचे, बेटा. पुढे..."

दार बंद झालं. ते दार विष्णूपंतांच्या कारखान्याचं नव्हतं, त्यामुळे आवाज फार वाईट आला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये विष्णूपंतांनी सूपला हात लावला नाही. पोरीची दोन वर्षं आपण एका आकड्यानं घालवली, आणि आकडा तर खरा होता, या पेचात ते अडकले होते. मी सहज विचारलं, "पण विष्णूपंत, पंचेचाळीस काढलेत कशावरून?"

"डिक्टाटवरून. शुद्धलेखनाच्या चाचण्या. सगळ्या मांडल्यात मी."

"म्हणजे कागदावरून. तिला वाचताना, बोलताना ऐकलंत कधी?"

"घरी ती 'निक्स' म्हणते."

एवढं बोलून ते थांबले, आणि चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. त्यांच्या इंटरनेटच्या जगात म्हणे दोन पंथ आहेत, आकडे बघणाऱ्यांचा आणि मैदानावर जाऊन बघणाऱ्यांचा, आणि त्यांच्यात हाडवैर. विष्णूपंत कट्टर आकडेवाले. पण एका गोष्टीवर दोन्ही पंथांचं एकमत: वीस-ऐंशीच्या पट्टीवर गुण द्यायचे तर पोर डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे.

"म्हणजे माझा रिपोर्टच रद्दबातल आहे!" ते आनंदानं ओरडले. पलीकडच्या टेबलावरचे जर्मन वळून बघायला लागले.

बाप म्हणून माफी मागणं त्यांना जड गेलं असतं. पद्धतीत चूक झाली म्हणणं एकदम सोपं गेलं. त्याच संध्याकाळी त्यांनी फ्राउ लिंडनरना रीतसर पत्र लिहिलं: निरीक्षणाअभावी दिलेले गुण मी मागे घेत आहे, प्रत्यक्ष निरीक्षणाची संधी मिळावी. असं पत्र आपल्याकडच्या बाईंनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं असतं. जर्मन बाईंनी मात्र तारीख दिली. डिसेंबरात वर्गाचा वाचनाचा कार्यक्रम होता, मुलं स्वतः लिहिलेलं वाचणार होती, पालकांनी केक घेऊन यावं.

आता डिसेंबरचा तो आठवडा म्हणजे विष्णूपंतांची दिवाळी. अमेरिकेतल्या सगळ्या टीमांचे मालक एका हॉटेलात जमतात आणि खेळाडूंची अदलाबदल करतात. दर वर्षी विष्णूपंत त्या आठवड्यात सर्दी झाल्याचं कळवून घरी बसायचे. त्या वर्षी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली ती शाळेसाठी, आणि लिंबाचा केक मांडीवर धरून पुन्हा त्या छोट्या खुर्चीत जाऊन बसले. खिशात पेन होतं, चार रकाने आखलेला कागद होता.

इराचं नाव पुकारलं. विष्णूपंत सांगतात, ती चालत पुढे गेली तेव्हाच त्यांनी पेन काढलं होतं.

तिची गोष्ट शाळेच्या शिपायाची होती. हाउसमाइस्टर हेर डील. हरवलेल्या हातमोज्यांचा खोका घेऊन तो प्रत्येक वर्गात जातो आणि हातमोज्याला मालक शोधतो, पण मुलं आपला मोजा ओळखत नाहीत, कारण आईनं तो घेतलेला असतो. इरा हेर डीलचं बोलणं अस्सल हेस्सिश बोलीत बोलत होती, घशातला र, शब्दांची शेपटं तोडलेली. मोजे एकमेकांशी बोलायचे, तेही वेगवेगळ्या आवाजांत. एका मोज्याची आई फारच काळजी करायची, आणि तो आवाज विष्णूपंतांना कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. मुलं बाकांवर आडवी होऊन हसत होती. खरा हेर डील दाराशी उभा होता, तोही डोळे पुसत होता.

विष्णूपंतांना त्यातलं अर्धंही कळलं नाही. त्यांचं जर्मन मशीनवरच्या सूचनांचं. पण हसू कुठे येणार, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली न्यायचा, हे त्या मुलीला नेमकं कळत होतं, आणि ही मुलगी त्यांच्याच घरात, त्यांच्याच शेजारच्या खोलीत राहत होती. टाळ्या थांबल्या तेव्हा कागदावरचे चारही रकाने कोरे होते.

जानेवारीत निकालाच्या वेळी दोघं पुन्हा गेले. वहिनींनी या वेळी काही बजावलं नाही. विष्णूपंत आपणहूनच गप्प होते.

"गिम्नाझियम," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "चार वर्षं या मुलीनं हात वर केला नव्हता. आपण भेटलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिला हात वर केला. वाचनाच्या यादीत माझं नाव घाला म्हणाली. मी विचारलं, का गं? तर म्हणते, पापांना दाखवायचंय. तेव्हापासून तो हात खाली यायला तयार नाही." मग त्या हसल्या. "तुम्ही काही जादू केलीत का, हेर पोंक्षे?"

"अपमान केला," वहिनी म्हणाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण आमच्या मराठी मंडळात गोष्टी संपत नाहीत, फिरतात. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर बातमी पसरली की पोंक्ष्यांनी शाळेत जाऊन स्वतःच्या मुलीची निंदा केली आणि तिला गिम्नाझियम मिळालं. आमची माणसं हुशार. जर्मन शिक्षकांना काय चालतं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्या फेब्रुवारीत फ्रांकफुर्टपासून डार्मश्टाटपर्यंत मराठी पालक छोट्या छोट्या खुर्च्यांवर बसून आपापल्या मुलांना नावं ठेवू लागले. कुणी म्हणालं, मुलगा मठ्ठ आहे. कुणी म्हणालं, मुलगी आळशी आहे, वडिलांवर गेली आहे.

हृषिकेशचा विष्णूपंतांना फोन आला. "विष्णूपंत, वेदला लेखीत पंचेचाळीस सांगू की चाळीसच सांगू? तुमचा अनुभव काय?"

"मी वेदला वाचताना ऐकलेलं नाही."

"अहो, ऐकायचं काय त्यात? आकडा सांगा!"

"ऐकल्याशिवाय सांगत नाही," विष्णूपंत म्हणाले आणि फोन ठेवला.

हृषिकेशनं आपल्या अंदाजानं तीस सांगितले, आणि वर, ही इज नॉट एक्सेप्शनल ॲट ऑल, असंही. वेद खरोखरच हुशार. शाळेनं वेदला गिम्नाझियम दिलं आणि हृषिकेशला एका समुपदेशिकेचा फोन नंबर. मुलाबद्दल इतका कडवटपणा घरात असणं बरं नाही, असं बाई फार काळजीनं म्हणाल्या.

विष्णूपंत सुधारले असं मी म्हणणार नाही. यूलिसेसचा खांदा पुढे दुखायला लागला, तेव्हा घरात सुतकासारखं वातावरण होतं. अळूवडी साठावर गेली आहे आणि वहिनी अजून समाधानी नाहीत. पण शनिवारी दुपारी मी चहाला गेलो की बघतो, कॉम्प्युटर बंद असतो आणि इरा सोफ्यावर पाय वर घेऊन लायब्ररीतलं जर्मन पुस्तक मोठ्यानं वाचत असते. विष्णूपंत हाताची घडी घालून ऐकतात. परवा ती एका जागी थांबली आणि पुस्तकावरून त्यांच्याकडे बघायला लागली.

"उंड?" म्हणाली. म्हणजे, मग? किती?

विष्णूपंतांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, शपथेवर सांगतो. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

"पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं. "तो कुत्रा सापडला का?"

इरानं पुस्तक मिटलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "झेल्बर लेझन," ती म्हणाली, स्वतः वाचा, आणि बूट घालून खेळायला गेली. विष्णूपंतांनी मला शेल्फावरची डिक्शनरी द्यायला सांगितली.